काठोकाठ चहा आणि आकाराम मेस्त्रीचा ब्रेक

पहिल्यांदा एक सांगून टाकते: तेल माझं होतं. गल्लीतलं कोणतरी तिखटमीठ लावून सांगणार, त्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं. पण मी ते गुडघ्याला म्हणून दिलं होतं. सत्तरी ओलांडलेला माणूस सकाळी सकाळी वाटी घेऊन आला आणि म्हणाला, "क्रांती, जरा तेल दे गं," तर आपण काय समजायचं? हा गडी ते गाडीला चोळणार हाय, असं कुणाच्या बापाला तरी सुचंल का?

असू दे. आधी मेस्त्रीचं सांगते, मग तेलाकडं येते.

मी क्रांती. शिवाजी पेठेत आमच्या गल्लीच्या उतारावर, निम्म्या वाटेत, माझी चहा-भज्याची टपरी हाय. टपरीच्या बरोबर समोर आकाराम मेस्त्रींचं गॅरेज. गॅरेज म्हणजे काय, एक पत्र्याचं छप्पर, एक जॅक आणि भिंतीला टांगलेले पाने. त्याच्या मागच्या दोन खोल्यांत त्यांचं घर. बाहेर पाटी लावलीय, 'फक्त ब्रेक'. इंजिनाचं काम घेऊन कोण आलं तर त्याला दारातनंच वळवतात. "पावणं, गाडी पळवणारे मेस्त्री कोल्हापुरात ढिगानं हायत. थांबवणारा मी एकटा." वय एकसष्ट, अंगानं काटकुळे, मिशी मात्र दोघांना वाटून घेता येईल एवढी. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणते आणि त्यांच्या बायकोला, धोंडुबाईंना, मामी.

मामांना ब्रेकवर बोलायला लावलं की चहाची दुसरी फेरी ठरलेली. गिऱ्हाईक घाईत असलं तरी त्याला बसवून सांगणार. "पुढं डिस्क, मागं ड्रम. डिस्क म्हणजे आपल्या पेठंतला माणूस, सगळा कारभार उघड्यावर. झिजला तर दिसतोय, तापला तर दिसतोय, ओरडायचं तर गल्लीभर ओरडतोय. ड्रमचं तसं न्हाय. त्यो सगळं पोटात ठेवतोय. वरनं बघाल तर गुळगुळीत. उघडल्याशिवाय कळतच न्हाय आत किती झिजलंय." हे मी इतक्या वेळा ऐकलंय की भजी सोडता सोडता मला पाठ झालंय.

आता त्यांची टेस्ट. बाकीचे मेस्त्री ब्रेकचं काम झालं की गाडीत बसतात, चौकापर्यंत जाऊन येतात आणि चावी देतात. आमच्या मामांची तऱ्हाच न्यारी. ते रस्त्यावर खडूनं आडवी रेघ मारायचे, बरोबर माझ्या टपरीपुढं. रेघेच्या पलीकडं एक पाऊल टाकून स्वतः उभे राहायचे. हातात माझ्याकडचा चहाचा ग्लास, काठोकाठ भरलेला. मग गाडीच्या मालकाला गल्लीच्या वरच्या टोकाला पाठवायचे. त्यानं उतारावरनं तीसच्या काट्यावर गाडी आणायची, ती सरळ मामांच्या अंगावर, आणि रेघेवर ब्रेक दाबायचा. गाडी रेघेच्या आत थांबली पायजे आणि ग्लासातला चहा हलला न्हाय पायजे. दोन्हीतलं एक जरी चुकलं तर चारी चाकं परत खोलायची, सगळं काम पहिल्यापासनं करायचं आणि परत उभं राहायचं. हा नियम त्यांनीच केलेला, आणि एकतीस वर्षांत तो लागू करायची पाळी एकदाही आली नव्हती. एक थेंब सांडला नव्हता. सांडला असता तर मी बघितला असता, कारण पुसायचं मलाच होतं.

पुष्कळ मालक घाबरायचे. एक बँकेतले साहेब तर स्टिअरिंग सोडून हात जोडायला लागले, "मेस्त्री, बाजूला व्हा, माझ्यानं होणार न्हाय." मामांचं उत्तर ठरलेलं: "माझा ब्रेक हाय. विश्वास न्हाय व्हय?" एवढं म्हटल्यावर माणूस काय करणार? गप वर जायचा आणि देवाचं नाव घेत खाली यायचा.

आणि एक गंमत. ज्या दिवशी टेस्ट, त्या दिवशी गल्लीत चटणी. मामा रेघेवर उभे राहिले की घरातनं मिक्सरचा घर्रर्र आवाज सुरू. मिक्सर नव्हता तेव्हा मामी खलबत्ता घेऊन बसायची आणि असं कुटायची की भिंतीवरचं कॅलेंडर हलायचं. टेस्ट झाली की मामी बाहेर येणार, वाटीवाटीनं सुक्या खोबऱ्याची लसूण-चटणी वाटणार. आम्हाला वाटायचं, नवऱ्याचं काम फत्ते झाल्याचा आनंद हाय बाईला. गाडी कुणाची, ब्रेक कसला, हे आम्ही विचारायचो न्हाय. मिक्सर ऐकला की भाकरी काढून ठेवायची. माझ्या भज्यांबरोबर ती चटणी अशी लागायची म्हणून सांगू, गिऱ्हाईक विचारायचं, "वैनी, मेस्त्रींकडं आज गाडी न्हाय व्हय?"

गेल्या मार्चात एका पिकअपवाल्यानं घोळ केला. ब्रेक चांगला होता, ह्याचाच पाय उशिरा पडला. गाडीची चाकं रेघेवरच थांबली, पण तिचं नाक मामांच्या शर्टाला लागलं आणि एक बटण तुटून माझ्या बरणीवर टणकन आपटलं. चहा हलला न्हाय. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. मामीनं बटण उचललं, मामांना खुर्चीत बसवलं आणि शर्ट अंगात असतानाच शिवायला घेतलं. शिवून झाल्यावर दातानं दोरा तोडला आणि मग बोलली.

"ही गणपतरावांची गाडी तेवढी करा. शब्द दिलाय म्हणून. त्यानंतर रेघेवर उभं राहिलात तर मी चंदगडला जाणार. भावाकडं काजू फोडत बसेन, पर हितं ऱ्हाणार न्हाय."

मामा हसले. मामी हसली न्हाय. मग मामांनीही हसणं थांबवलं. चाळीस वर्षांच्या संसारात मामीनं धमकी अशी एकच दिली होती, घरी गॅस आणला न्हाय तर चूल पेटवणार न्हाय म्हणून, आणि गॅस दुसऱ्या दिवशी आला होता.

तेव्हा गणपतरावांची गाडी ही मामांची शेवटची टेस्ट ठरली. मला म्हणाले, "क्रांती, एकतीस वरसं डाग न्हाय. शेवटही बिनडाग करायचा. आणि बाई घरात राहायला पायजे. दोन्ही साधायचंय." हे सांगताना त्यांचा चेहरा बारावीच्या निकालाची वाट बघत बसलेल्या पोरासारखा झाला होता.

आता गणपतराव. आमच्या गल्लीच्या तळाला तालीम हाय, तिथले हे जुने वस्ताद. एके काळी मोठमोठ्या गड्यांना पाठ टेकायला लावलेला माणूस. ह्या माणसाचा एकाच गोष्टीवर विश्वास: तेल. पोराला सर्दी झाली, तेल चोळ. दार करकरतंय, तेल सोड. सून रुसली, डोक्याला तेल लाव. त्यांच्याकडं एक कॉन्टेसा होती, बिद्रीच्या एका बागायतदाराकडनं हौसेनं घेतलेली, नाक लांब, बूड रुंद, बघितली की वाटायचं म्हैसच बसलीय. ती नऊ वर्षं तालमीच्या शेडात ताडपत्रीखाली पडून होती. मागच्या सीटवर मांजरीच्या तीन पिढ्या वाढल्या. आता वस्तादांच्या मनात आलं, ह्या गाडीतनं जोतिबाला जायचं. इंजिन दुसऱ्या मेस्त्रीनं चालू करून दिलं. पण डोंगराचा रस्ता, आणि ब्रेकचं पायडल दाबलं तर खाली जाऊन तिथंच झोपायचं. म्हणून गाडी ढकलत मामांकडं आली.

मामांनी तिच्यावर नऊ दिवस घातले. पुढची चाकं काढली तर डिस्क गंजून खापरासारख्या झालेल्या आणि पॅड धरणारे कॅलिपर असे आवळलेले की पॅड निघता निघंनात. त्या डिस्क खरवडून, लेथवरनं फिरवून आणल्या. मागचा ड्रम तर दोन दिवस हाललाच न्हाय. मामा कडंकडंनं हातोडीनं ठोकत होते, त्याच्याशी बोलत होते, मधेच शिव्या देत होते. तिसऱ्या दिवशी तो एकदम निघाला आणि मामा ड्रम छातीवर घेऊन उताणे पडले. गणपतराव टपरीतनं ओरडले, "चीतपट!" आतले लायनर झिजून रिव्हेटी ड्रमला टेकलेल्या. मामांनी दोन्ही बाजूंना नवे लायनर बसवले, गळके सिलिंडर बदलले, नळ्यांतली हवा काढली. लायनरच्या त्या चंद्रकोरीसारख्या शू परत चढवताना एक स्प्रिंग सटकली, रस्ता ओलांडून आली आणि थेट माझ्या भज्याच्या पिठात पडली. मी झाऱ्यानं भजी काढत होते, घाईत कळलं न्हाय. ऋतुराज म्हणून पेठेच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर हाय, त्याच्या ताटलीत ती तळलेली निघाली. तो म्हणाला, "वैनी, कुरकुरीत हाय, पर तुटंना." मामांनी ती धुऊन, पुसून, ताणून बघितली आणि फेकून दिली. दुसरी आणली. तळलेल्या स्प्रिंगवर म्हणे भरवसा न्हाय.

टेस्टचा दिवस उजाडला, रविवार. मामांची एक पद्धत होती. काम संपलं तरी चारी चाकं उघडीच ठेवायची. घरी जाऊन आंघोळ करायची, धुतलेला शर्ट घालायचा, परत येऊन पुढच्या डिस्कच्या मधल्या भागाला आणि मागच्या ड्रमला कुंकवाचं बोट लावायचं आणि मग स्वतःच्या हातानं सगळं बंद करून चाकं चढवायची. ती चाकं दुसऱ्या कुणी चढवलेली त्यांना खपत न्हाय. त्या दिवशी शेवटची टेस्ट म्हणून मामांनी आंघोळीला जरा जास्तच वेळ लावला. मिशीला शिकेकाई लावली होती म्हणे.

तेवढ्यात गणपतराव वाटी घेऊन आले आणि तेल मागितलं. मी कशाला नवं तेल काढू? सकाळच्या भज्यांचं कढईतलं गाळून ठेवलं होतं, ते वाटीभर दिलं. गुडघ्याला काय, नवं आणि जुनं सारखंच. माझ्यापुढं गिऱ्हाईकांची रांग, मी परत तिकडं बघितलंही न्हाय. तालमीतले दोन पैलवान गाडीजवळ वाकलेले दिसले, म्हटलं वस्तादांचे गुडघे चोळत असतील.

मामा नव्या शर्टात बाहेर आले तर चाकं बसलेली! नट आवळलेले!

"कुणी बसवली ही?" मामांचा आवाज चढला.

"आमीच," गणपतराव छाती काढून म्हणाले. "म्हटलं, तुमची शेवटची टेस्ट. तेवढीच मदत. ड्रम बी बसवलं, चाकं बी बसवली. पैलवान हायत, जॅक बी लागला न्हाय."

एरवी मामांनी सगळं परत खोललं असतं. पण गल्ली जमलेली. बायका गॅलरीत, पोरं भिंतीवर, ऋतुराज मोबाइल धरून तयार. घरात मामीचा मिक्सर सुरू झालेला. मी चहा ओतलेला, आणि तो काठोकाठ ओतायला किती कसब लागतं ते मला विचारा. मामांनी चारी चाकांचे नट तपासले. आत बसून पायडल दाबलं. दगडासारखं घट्ट. मग त्यांनी कुंकू टायरलाच लावलं, गणपतरावांना वर पाठवलं आणि रेघेच्या पलीकडं जाऊन ग्लास घेतला.

कॉन्टेसा निघाली. काय डौल! गणपतराव फेटा बांधून बसलेले, एक हात स्टिअरिंगवर, एक हात मिशीवर. गाडी निम्म्यात आली, रेघ जवळ आली, गणपतरावांनी ब्रेक दाबला. आम्हाला त्यांचा खांदा खाली गेलेला दिसला. गाडीला काय त्याचं! ती आपली येतेच हाय.

"मेस्त्री, थांबंना!" गणपतराव ओरडले. "थांबंनाऽऽ!"

मामांना बाजूला व्हायला जागा न्हाय. दोन्हीकडं मोटरसायकली लावलेल्या, कुठं पाय ठेवायचा? मामा वळले आणि उताराला पळत सुटले. एकसष्टचा माणूस, पण काय पळाला! पुढं मामा, हात लांब करून ग्लास धरलेला, मागं कॉन्टेसा, तिच्या मागं दोन पैलवान गाडीचं बूड धरून ओढायला बघतायत आणि चपला सोडून घसरत चाललेत. पैलवानांच्या ओझ्यानं म्हणा, देवाच्या दयेनं म्हणा, गाडीचा वेग जरा मोडला, पण ती थांबली न्हाय. गल्लीच्या तळाला तालमीच्या दारात दोन दिवस आधी लाल मातीची ट्रॉली रिकामी केली होती, आखाड्याची माती बदलायची म्हणून. त्या ढिगावरनं मी तालमीवाल्यांना दोन दिवस शिव्या घालत होते, माझ्या चहात धूळ येती म्हणून. मामा पळता पळता ओरडले, "वस्ताद, मातीत घाला! मातीत!"

गणपतरावांना सगळ्या जगात एवढंच वाक्य नीट कळलं असतं. त्यांनी स्टिअरिंग ढिगाकडं वळवलं. मामा ढिगावर चढले आणि कॉन्टेसा दिव्यांपर्यंत मातीत घुसून थांबली.

 धूळ खाली बसली. ढिगाच्या माथ्यावर मामा उभे, गुडघ्यापर्यंत मातीत, शर्ट लाल, मिशी लाल, आणि हातात ग्लास. चहा काठोकाठ.

गल्लीनं एकच कालवा केला. अर्धी म्हणाली पास, चहा सांडला न्हाय. अर्धी म्हणाली नापास, गाडी रेघ ओलांडून शंभर पावलं गेली. ऋतुराज मोबाइलवर हळू करून परत परत दाखवत होता, हे बघा पाय, हे बघा ग्लास. दोघं तर एकमेकांची कॉलर धरायच्या बेतात आले. मामांचं तिकडं लक्षच नव्हतं. ते खाली उतरले, पुढच्या चाकाजवळ बसले आणि नाक जवळ नेऊन वास घेतला. मग मागच्या चाकाचा घेतला. तापलेल्या चाकातनं धूर येत होता, आणि वास येत होता ओव्याचा.

मामांनी सावकाश मान वळवून माझ्याकडं बघितलं.

"क्रांती," ते म्हणाले, "ह्या गाडीत कांदाभजी कुणी तळली?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. पण गणपतराव दार उघडून ताठ मानेनं उतरले. "मी चोळलं तेल. पुढची ती ताटं कोरडी ठणठणीत, हात फिरवला की कुईकुई करत होती. मागच्या दोन चंद्रकोरी बी तशाच. जीव राहिना माझा. पैलवान जोर काढायच्या आधी मालिश करतोय का न्हाय? एकेका चाकाला पाच पाच मिनिटं रगडलंय, मेस्त्री. जीव लावून."

मामांनी कपाळाला हात लावला. "वस्ताद, अहो, धरायची जागा हाय ती! तिथं तेल? कुस्तीत समोरच्यानं मनगटाला तेल फासलं तर धरायला गावंल का?"

गणपतराव विचारात पडले. मग त्यांचा चेहरा उतरला. "ते तर लबाडीचं काम," ते म्हणाले, आणि मटकन ढिगावर बसले.

हे सगळं चाललेलं आणि वर मामांच्या घरातनं मिक्सरचा आवाज अजून येतच होता. इतका वेळ? चटणी तर केव्हाच पीठ झाली असंल. मी म्हटलं जाऊन बघते. दार ढकललं तर मामी ओट्याला टेकून, डोळे गच्च मिटून उभी, आणि मिक्सरचं भांडं रिकामं. नुसतंच फिरत होतं. खोबरं, लसूण, सगळं ताटात तसंच. मी बटण बंद केलं तेव्हा तिनं डोळे उघडले. पहिला शब्द आला तो, "लागलं?"

"काय न्हाय लागलं, मामी. ग्लाससुद्धा भरलेला हाय."

मग माझ्या टाळक्यात उजेड पडला. एकतीस वर्षं! आम्ही मेली भाकरी घेऊन बसायचो, वाटी पुढं करायचो, आणखी जरा घाल म्हणायचो. आणि ही बाई ब्रेकचा आवाज कानावर पडू नये म्हणून कुटत होती. माझी मलाच लाज वाटली.

मामी बाहेर आली. गल्लीनं तिला वाट दिली. मामा ग्लास धरूनच उभे होते, आता कुठं ठेवावा ते कळत नसल्यासारखे.

"शेवटची झाली," मामी म्हणाली.

"झाली कुठं?" मामा पुटपुटले. "गाडी थांबली न्हाय. नियम हाय. चारी चाकं खोलायची, परत करायचं, परत उभं..." पुढचं त्यांनी गिळलं.

मला वाटलं, गेली मामी चंदगडला. पण मामी शांतपणे म्हणाली, "नियम हाय तर पाळा की. करा परत. फकस्त उभी मी ऱ्हाणार. गाडी तुम्ही चालवायची."

"याड लागलं काय तुला?"

"का? ब्रेक तुमचाच हाय न्हवं? विश्वास न्हाय व्हय?"

एकतीस वर्षांचं वाक्य उलटं येऊन बसलं. मामांनी ग्लास माझ्या हातात दिला. मग गाडीकडं वळले.

ह्या खेपेला त्यांनी जे काम केलं ते कुणी लग्नातल्या दागिन्याचंही करणार न्हाय. तेल प्यालेले पॅड आणि लायनर फेकले, नवे आणले. डिस्क पेट्रोलनं धुतल्या, पुसल्या, परत धुतल्या. ड्रमच्या आत बॅटरी मारून बघायचे, दोन पावलं मागं जायचे, परत येऊन बघायचे. गणपतरावांना गॅरेजच्या उंबऱ्याला शिवायची बंदी. माझा तेलाचा डबा टपरीत होता, तर त्याच्यावर झाकण घालून वर वरवंटा ठेवायला लावला. बंद गाडीत बसून नुसतं पायडल दाबत बसायचे. मामी विचारायची, "झालं?" मामा म्हणायचे, "आणखी एक दिवस." असे चार दिवस गेले. जेवण घटलं. मिशी खाली लोंबायला लागली.

पाचव्या दिवशी मामीच ठेवणीतलं इरकल नेसून बाहेर आली, खडूनं रेघ मारली, पलीकडं पाऊल टाकून उभी राहिली आणि मला म्हणाली, "भर. काठोकाठ." मी भरला. 

मामा वरच्या टोकाला कॉन्टेसात बसले. घरात मिक्सर बंद. मला तोवर कळलंच नव्हतं की टेस्टच्या वेळी आमची गल्ली इतकी गप असते. वरनं इंजिनचा आवाज येत होता, गाडी मात्र येत नव्हती. पाच मिनिटं झाली. ऋतुराज म्हणाला, "मामा झोपले का काय?" मग गाडी हलली.

तीसचा काटा? अहो, काटा जागचा उठला असंल तर शपथ. मामा ब्रेकवर पाय ठेवूनच निघालेले. गाडी चार बोटं सरकायची, थांबायची. परत चार बोटं सरकायची, थांबायची. भाजीवालीची ढकलगाडी तिला ओलांडून गेली. एक कुत्रं चाकाच्या पुढं चालत होतं, ते कंटाळून बसलं. काचेआड मामांचा चेहरा दिसत होता, नुसता घामाघूम, डोळे मामीवर रोवलेले. पोरं हसायला लागली होती, मग हळूहळू हसायची थांबली.

रेघेपासनं वीस फुटांवर गाडी थांबली आणि काही केल्या पुढं येईना.

"या की फुडं!" मामीनं हाक दिली. "लई जागा हाय!"

मामांनी मान हलवली. इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला, परत एकदा ओढला आणि दार उघडून उतरले.  दाराला धरूनच उभे राहिले.

मामी रेघ ओलांडून चालत गेली. इरकल नेसलेली, ग्लास दोन्ही हातांत, नजर ग्लासावर. वीस फूट गेली आणि तो मामांच्या पुढं धरला. "घ्या. थेंब सांडला न्हाय."

मामांनी ग्लास घेतला. मामीनं हात सोडला आणि चहा हिंदकळायला लागला. शर्टावर सांडला, चपलांवर सांडला, गाडीच्या दारावर सांडला. त्यांनी दुसऱ्या हातानं मनगट धरलं तर तोही हात कापायला लागला. ज्या हातात मारुती, ट्रक, ट्रॅक्टर अंगावर येताना एकतीस वर्षं चहा हलला नव्हता, त्याच हातातला ग्लास आमच्यादेखत रिकामा झाला. कुणी हसलं न्हाय. गणपतरावांनी फेटा काढून डोळे पुसले. मी तर रडलेच, लपवायचं काय त्यात.

"असं हुतंय व्हय गं तुला?" मामांनी विचारलं.

"हुतंय की."

"दर टायमाला?"

"दर गाडीला."

मामांनी रिकामा ग्लास गाडीच्या टपावर ठेवला. मग रेघेपाशी गेले आणि चपलेनं ती पुसली.

गणपतराव कॉन्टेसातनं जोतिबाला जाऊन आले, घाटात ब्रेक चोख लागला. मामांचं काम जोरात चाललंय. टेस्टही होते, पण आता रेघेच्या पलीकडं पत्र्याचं रिकामं पिंप असतंय. ऋतुराजनं त्याच्यावर रंगानं मिशी काढलीय, आणि चहाचा ग्लास पिंपाच्या डोक्यावर. पिंपाला कोण भितंय, मालकांचा पाय उशिरा पडतोय; आतापर्यंत पिंप दोनदा आडवं झालं. मामा शांतपणे चाकं खोलतात.

परवा एका जीपची टेस्ट झाली. मी सवयीनं वाटी घेऊन मामीच्या दारात गेले. मामी खुर्ची टाकून बाहेरच बसली होती, शेंगा फोडत, टेस्ट बघत. मिक्सर आत माळ्यावर टाकलेला दिसला, फडकं गुंडाळून.

"मामी, चटणी?" मी म्हटलं.

"कसली चटणी?" मामी म्हणाली. "पिंप उभं होतं की गं. चटणी कशाला करू?"